पडद्यावरचा नुक्ता

आमच्या वर्गाला नाव नाही आणि दारावर पाटीही नाही. सोलापुरात विजापूर वेशीजवळ एका व्यापाऱ्याच्या दुकानावर माळा आहे, त्या माळ्यावर सहा संगणक आहेत. दिवसा त्यांच्यावर सुताचा आणि चादरींचा हिशोब चालतो. मगरिबची नमाज झाली की नऊ वाजेपर्यंत ते आमच्या हवाली. २०२१ साली, टाळेबंदीतून बाजार सावरत असताना, मालकाने ही मुभा दिली. अट एकच होती. ‘‘मास्तर, पोरींना काय शिकवायचं ते शिकवा, पण माझ्या हिशोबाला हात लागता कामा नये.’’

शिकवणारे आम्ही तिघे. एक निवृत्त उर्दू शिक्षक, एक यंत्रमागांची वीजदुरुस्ती करणारा आणि एक कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सहायक. शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलीच. दहावी-बारावी झालेल्या, पुढे पुण्याला पाठवायला घरचे तयार नाहीत अशा. टायपिंग आले, मराठी-उर्दूची अक्षरजुळणी आली, तर घरबसल्या चार पैसे मिळतील हा साधा हिशोब. त्यातल्या एखादीला सर्व्हर सांभाळण्याचे काम शिकायचे असते, तिला लिनक्स आलेच पाहिजे. आणि लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत, हे आमच्यासारख्यांना सोयीचे.

पण मालकाच्या संगणकावर विंडोज होते आणि त्याला धक्का लावायचा नव्हता. म्हणून आम्ही व्हर्च्युअल मशीनचा मार्ग धरला. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका संगणकाच्या पोटात, केवळ प्रोग्रॅमच्या जोरावर, दुसरा संगणक उभा करायचा. त्याला वाटते की आपल्याला स्वतःची मेमरी आहे, स्वतःची डिस्क आहे, स्वतःचा पडदा आहे. प्रत्यक्षात त्याची डिस्क म्हणजे विंडोजमधली एक मोठी फाइल आणि त्याचा पडदा म्हणजे एक खिडकी. ही कल्पना आजची नव्हे. आयबीएमच्या अवाढव्य यंत्रांवर ती १९६० च्या दशकातच चालू होती, १९७२ साली तिने व्हीएम/३७० या नावाने ती बाजारातही आणली. घरगुती संगणकावर ती बऱ्याच उशिरा आली. आम्ही वापरतो तो व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम जर्मनीतल्या इनोटेक कंपनीने २००७ साली लोकांपुढे ठेवला, पुढच्या वर्षी ती कंपनी सनने घेतली आणि २०१० साली सनलाच ओरॅकलने घेतले. आमच्या मुलींना या वंशावळीत रस नव्हता. पण बाहेरच्या संगणकाला ‘होस्ट’ आणि आतल्याला ‘गेस्ट’ म्हणतात हे ऐकून एकीने चटकन म्हटले, ‘‘म्हणजे मेजबान आणि मेहमान.’’ तेच नाव आमच्या वर्गात रूढ झाले. मेजबानाजवळ चार जीबी मेमरी, त्यातली दीड आम्ही मेहमानाला दिली. मालकाचा हिशोब जागच्या जागी राहिला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. २०२२ च्या डिसेंबरमधली गोष्ट. नई जिंदगी भागातून एक मुलगी यायची, वय एकोणीस. तिचे अब्बा चादरींच्या डिझाइनचे पुठ्ठे पाडतात. जकार्ड माग ज्या भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालतो ते पुठ्ठे. मुलगी हुशार, बोटे चपळ. तिला पहिले बाहेरचे काम मिळाले होते, नात्यातल्या एका शादीची पत्रिका. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. तिने ती लिनक्समध्ये, लिब्रे ऑफिसात जुळवली. कागदावर नमुना छापून आमच्या उस्तादजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि चार ठिकाणी लाल गोल काढले.

चारही चुका नुक्त्यांच्या होत्या. उर्दू लिपी ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. या लिपीत कित्येक अक्षरांचे अंग एकच असते, फक्त नुक्ता वर आहे की खाली, एक आहे की दोन की तीन, यावरून अक्षर ठरते. ‘दुआ’ आणि ‘दगा’ यांच्यात एका नुक्त्याचे अंतर आहे. ‘नबी’ आणि ‘बनी’ हे दोन शब्द लिहिताना हात तसाच फिरतो. पहिल्यात वरचा नुक्ता आधी आणि खालचा नंतर, दुसऱ्यात उलट. ‘नबी’ने सुरू होणारी नावे आमच्या सोलापुरात घरोघरी आहेत. मुलीच्या पत्रिकेत वधूच्या आजोबांचे नाव असेच होते आणि ते उलटे झाले होते. मराठी बाजूलाही एका ठिकाणी ‘घ’चा ‘ध’ झाला होता. पत्रिका छापून वाटली गेली असती तर दोन्हीकडच्या पाहुण्यांत काय बोलणे झाले असते ते सांगायला नको.

मुलगी म्हणाली, ‘‘सर, मी चार वेळा वाचलं. पडद्यावर मला बरोबरच दिसत होतं.’’ आणि मग हळूच म्हणाली की तिचे डोळे दुखतात, वर्गातून घरी गेल्यावर डोके धरते.

घरी हे कळल्यावर अम्मीने तिला नेत्रतपासणी शिबिरात नेले. तिथे डोळे साफ निघाले, नंबर नाही. यावर घरातल्यांचे समाधान व्हायला हवे होते, झाले उलटेच. अब्बा म्हणाले, ‘‘आंखां अच्छे हैं तो दिखता कायकू नै? ये कम्प्यूटरच आंखां खा रहा.’’ त्याच सुमारास मुलीला एक रिश्ता आला होता. चष्मा लागलेली मुलगी म्हटली की आपल्या समाजात अजूनही तोंडे वाकडी होतात. हुंड्याबद्दल तावातावाने बोलणारे सुशिक्षितही या बाबतीत गप्प असतात. महिना भरला की वर्ग बंद, असा घरचा निर्णय झाला. मुलीने तो आम्हाला सांगितला तेव्हा तिचा आवाज शांत होता. आम्हाला त्या शांतपणाचेच जास्त वाईट वाटले.

दुसऱ्या संध्याकाळी तिच्या जागेवर आम्ही तिघेही जाऊन बसलो. उस्तादजींनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘हे हर्फ जाडे का दिसतात?’’ प्रश्न बिनचूक होता. अक्षरे मोठी होती, पण बसकी होती आणि कडा धुरकट होत्या. पावसात भिजलेल्या पोस्टरसारखी.

मेहमान लिनक्सने स्वतःचा पडदा ८०० आडवे आणि ६०० उभे, इतक्या ठिपक्यांचा धरला होता. म्हणजे एकूण ४,८०,००० ठिपके. आणि समोरचा मॉनिटर होता १३६६ बाय ७६८ चा, म्हणजे १०,४९,०८८ ठिपक्यांचा. दुपटीहून जास्त. एवढ्यावर भागले असते तर मोठ्या मॉनिटरच्या मध्यभागी एक छोटी पण स्वच्छ खिडकी दिसली असती. तसे न होता खिडकी पडदाभर पसरली होती, कारण व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘स्केल्ड मोड’ नावाची एक सोय आहे. उजवे कंट्रोल बटण आणि ‘सी’ एकदम दाबले की ती चालू होते. आतले चित्र जेवढे असेल तेवढेच घ्यायचे आणि खिडकीत बसेल असे ताणायचे. नक्कल करण्यासाठी कंट्रोल-सी दिवसातून शंभरदा दाबले जाते, उजवे कंट्रोल कधीतरी हाताखाली आलेच असणार. आणि ती सोय चालू झाली की वरचा मेनूही नाहीसा होतो, त्यामुळे परत फिरायचे कसे तेही समोर दिसत नाही.

ताणल्यावर होते काय? आतल्या एका ठिपक्याच्या वाट्याला बाहेरचे आडवे १.७ ठिपके येतात, उभे १.२८. आता ठिपका काही अर्धा पेटवता येत नाही. मग प्रोग्रॅम शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळून वेळ मारून नेतो. काळे-पांढरे जिथे भेटतात तिथे राखाडी पट्टा तयार होतो. लेखाच्या अक्षरात नस्तालीकचा नुक्ता ८०० बाय ६०० वर जेमतेम एक-दोन ठिपक्यांचा असतो. तो ताणला की शेजारच्या नुक्त्यात विरघळतो. दोन नुक्ते एक होतात, वरचा शोशाला चिकटतो. ‘ध’ची गाठ भरून जाते. मुलगी चार वेळा वाचत होती ती खरेच वाचत होती, पण पडद्यावर नुक्ताच नव्हता. डोळे त्याला शोधत दमत होते.

आम्ही उजवे कंट्रोल आणि ‘सी’ पुन्हा दाबले. पडदा एकदम आक्रसला, मध्यभागी छोटी खिडकी उरली. मुलगी पुढे वाकली आणि त्या बारीक अक्षरातले आजोबांचे नाव पाहून म्हणाली, ‘‘अय्यो, हे उलटं आहे!’’

रोग कळला, पण इलाज व्हायचा होता. एवढ्याशा खिडकीत काम होईना. लिब्रे ऑफिसातल्या सूचनांची खालची बटणे खिडकीबाहेर जात होती. लिनक्समधल्या डिस्प्लेच्या यादीत १०२४ बाय ७६८ होते, जवळपासचे इतर आकडे होते, नेमका १३६६ चा आकडा नव्हता. कॉलेजच्या एका जाणकाराने फोनवर सांगितले, ‘‘व्हिडिओ मेमरी १२८ करा, होऊन जाईल.’’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. आम्ही मुलींनाच फळ्यावर गणित मांडायला सांगितले. १०,४९,०८८ ठिपके, प्रत्येकाला चार बाईट, गुणाकार ४१,९६,३५२ बाईट. म्हणजे चार एमबी. आणि मशीनला दिलेली होती सोळा. भांडे रिकामे असताना मोठे भांडे आणण्यात अर्थ नव्हता.

खरी गोष्ट वेगळी असते. टेबलावरचा मॉनिटर जेव्हा तारेने संगणकाला जोडतात तेव्हा तो स्वतःची ओळख सांगतो: मी अमुक इंची, मला अमुक इतके ठिपके झेपतात. या ओळखपत्राचे मानक १९९४ पासून आहे. मेहमान संगणकाला मात्र मॉनिटरच नाही, खिडकी आहे, आणि खिडकी तर आपण उंदराने धरून केव्हाही लहानमोठी करतो. तिचे माप त्याला कोणी कळवायचे? कोणी कळवले नाही तर तो बापडा बिचकून ८०० बाय ६०० वर बसून राहतो. मेजबानाने अख्खी बैठक मोकळी ठेवली आहे आणि मेहमान दाराशी चपलांजवळ बसला आहे, असा प्रकार. यात दोघांचाही दोष नाही, मध्ये निरोप नेणारा कोणी नाही एवढेच.

तो निरोप्या म्हणजे ‘गेस्ट अॅडिशन्स’. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘डिव्हाइसेस’ मेनूत तळाला तो सीडीच्या रूपाने ठेवलेला असतो. पण लिनक्समध्ये तो नुसता टाकून चालत नाही. आमच्याकडच्या डेबियनमध्ये त्याचे काही भाग तिथल्या तिथे, त्या मशीनच्या कर्नलच्या मापाने शिवून घ्यावे लागतात. शिवायला कंपायलर हवा, मेक हवे आणि चालू कर्नलचीच हेडर्स हवीत, मागच्या महिन्यातल्या कर्नलची नव्हेत. अनेकांचे इथेच अडते. सीडी चालवतात, ओळी धावतात, मध्येच एक ओळ नाराजीची येऊन जाते आणि पडदा तेवढाच राहतो. मग लिनक्सच वाईट असा फतवा निघतो.

हे सगळे उतरवून घ्यायला इंटरनेट लागणार आणि त्या संध्याकाळी दुकानाचे बंद होते. म्हणून तात्पुरता उपाय केला. लिनक्समध्ये ‘सीव्हीटी’ नावाची छोटी आज्ञा आहे. तिला लांबी-रुंदी दिली की त्या पडद्यासाठी लागणाऱ्या आकड्यांची ओळ ती तयार करून देते. ती ओळ ‘एक्सरँडआर’ या दुसऱ्या आज्ञेला तीन टप्प्यांत द्यायची: नवे माप नोंदव, ते या पडद्याला जोड, आता ते लागू कर. त्याआधी ‘स्नॅपशॉट’ घेतला, म्हणजे बिघडलेच तर मशीन होते त्या अवस्थेत परत आणता येते. आम्ही १३६६ मागितले, सीव्हीटीने १३६८ दिले. मुलींना वाटले बेरीज चुकली. तसे नाही, ती आज्ञा आडवे माप आठाच्या पटीत मोजते. दोन उभ्या रेघा पडद्याबाहेर राहिल्या, त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

एवढ्यात नऊ वाजले आणि मुलीचे अब्बा तिला न्यायला आले. दारातच उभे राहिले. उस्तादजींनी आत बोलावले, पाणी दिले आणि पडद्यासमोर बसवले. आम्ही मनात जुळवाजुळव करीत होतो की यांना ठिपक्यांचे गणित कोणत्या शब्दांत सांगावे. मुलीने आम्हाला वेळच दिला नाही. तिने आधी जुने ताणलेले चित्र दाखवले, मग नवे, आणि म्हणाली, ‘‘अब्बा, हुकां कम थे.’’

जकार्डचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या तीन शब्दांत सगळे कळेल. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. पुठ्ठ्यावर जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हुक वर जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक फेक. म्हणजे चादरीवरच्या फुलाची रुंदी हुकांत मोजायची आणि उंची पुठ्ठ्यांत. त्याआधी ते फूल आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन भरून काढायचे. अब्बांचे आयुष्य त्या चौकोनांत गेले आहे. ठिपका, पिक्सेल हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नसतील. पण मोराच्या पिसाऱ्याला किती चौकोन द्यावे म्हणजे डोळा डोळ्यासारखा दिसेल, हे त्यांच्याइतके आम्हा तिघांपैकी एकालाही कळत नव्हते.

ते बराच वेळ दोन्ही चित्रांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘चार सौ हुकां का फूल आठ सौ की जगा में खींचे तो फूल बडा होता, पंखडी नै बढती.’’ आम्ही १३६८ ची गंमत सांगितली तर हसले. चारशेच्या जुन्या जकार्डात सुयांच्या आडव्या रांगा आठ आणि उभ्या एक्कावन्न, खरे माप चारशे आठ. ‘‘हमारे यहां भी बोलते चार सौ, रहते चार सौ आठ.’’ दोन्हीकडे आठच यावा हा योगायोग, कारणे निराळी आहेत. पण त्या रात्री तो योगायोग आमच्या कामी आला. वर्ग बंद करण्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. जाताना मुलीला म्हणाले, ‘‘नाम सीधा कर ले पहले.’’

पुढचे काम दोन दिवसांत उरकले. एक्सरँडआरने दिलेले माप मशीन बंद केले की विसरले जाते, म्हणून निरोप्या बसवणे भागच होते. एकाच्या मोबाइलवरून नेट घेतले. आधी हेडर्स, मेक आणि कंपायलर, त्याबरोबर ‘डीकेएमएस’. हा शेवटचा विसरू नये. लिनक्सचा कर्नल बदलला की निरोप्याचे भाग पुन्हा शिवण्याचे काम तो आपणहून करतो, नाही तर दोन महिन्यांनी पडदा पुन्हा लहान होतो आणि कारण आठवत नाही. मग सीडी चालवली, मशीन नव्याने सुरू केले. ‘व्ह्यू’ मेनूतली ‘ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले’ ही ओळ आतापर्यंत फिकट होती, ती जागी झाली. खिडकी ओढली तसा आतला लिनक्स तिच्याबरोबर रुंद होत गेला. मुलींनी दहा मिनिटे नुसता तोच खेळ केला. तयार मशीनची एक फाइल बनवून ती बाकीच्या संगणकांत उतरवण्याचे काम त्या मुलीकडेच दिले. तिने ते एकटीने केले आणि प्रत्येक कीबोर्डच्या उजव्या कंट्रोलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला. पत्रिका नीट छापून आली. रिश्त्याचे पुढे काय झाले ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्या ध्यानात आली नव्हती. सहावा संगणक कोपऱ्यात होता, त्याचा मॉनिटर सतरा इंची, जुना, चौकोनी. त्याच्यावर कोणी बसायला तयार नसे, उशिरा येणारीला तो मिळे. मशीन उतरवल्यावर त्याने स्वतःचे खरे माप घेतले: १२८० बाय १०२४. गुणाकार केला तर १३,१०,७२०, म्हणजे नव्या रुंद मॉनिटरपेक्षा अडीच लाखांहून जास्त ठिपके, आणि तेही उंचीत. नस्तालीकची ओळ सरळ चालत नाही, ती उजवीकडून उतरत येते. म्हणून तिला उंची लागते. रुंद पडद्यावर जितक्या ओळी मावतात त्याहून सुमारे एक तृतीयांशाने जास्त या जुन्या चौकोनात मावू लागल्या. आता मगरिबच्या आधीच जिन्यावर पावले वाजतात आणि कोपऱ्यातल्या त्या जागेवरून रोज भांडण होते.